नियमात बसत नाही

बुधवार, १४ तारीख
दुपारचे सव्वादोन

ताई,

नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे असं सुरुवातीला लिहायची रीत आहे. ते अजून ठरायचंय, म्हणून तेवढं वगळून पुढचं लिहिते.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. या खोलीतून कागद बाहेर जात नाही. लिहून झालं की मी एकेक पान काचेला आतून लावणार आणि आमच्या शवागारातले मामा बाहेरून फोटो काढून तुला पाठवणार. म्हणून अक्षर मोठं काढलंय. म्हणजे हे मामाही वाचतील. वाचू देत.

खोली दहा फूट बाय बारा. एक खाट, एक खिडकी, आत न्हाणीघर. जेवण बाहेर स्टुलावर ठेवून बेल वाजवतात, मी शंभरपर्यंत मोजते आणि मग दार उघडते. सकाळ-संध्याकाळ ताप मोजून तक्त्यावर लिहायचा. आज नववा दिवस. चौदा पुरे झाले की सुटका. सकाळी ९९.१ होता. याला ताप म्हणत नाहीत. दुपारी मोजायचा नसतो, तरी मोजला. ९९.३.

चिमणीचा तो हलणारा दात पडला का? मागे म्हणत होती, मावशी आल्याशिवाय पाडणार नाही.

'रुग्णाशी संपर्क आल्याने विलगीकरणात' एवढंच तुला ऑफिसने कळवलंय. ते खोटं नाही, पण पुरेसंही नाही.

काल ऑफिसने तुझी तक्रार मला फोनवर वाचून दाखवली. 'शवागारातल्या एका म्हाताऱ्या कर्मचाऱ्याने मला फाटकावरून परत पाठवलं. नियम दाखवा म्हटलं तर मान खाली घालून उभा राहिला.' ते म्हातारे कर्मचारी म्हणजे मामा. शुक्रवारी त्यांची चौकशी आहे, आणि नोकरीची तीन वर्षं राहिली आहेत. त्यांनी अजून अवाक्षर काढलेलं नाही. मी काचेतून विचारलं, मामा, खरं का सांगत नाही? तर म्हणाले, "तुम्ही आधी बऱ्या व्हा बाई, मग भांडू." मी म्हटलं, मी आजारी नाही. "मग काय, आत्ताच भांडू," म्हणाले.

आमचं काम कसं चालतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. साथीतल्या मृतदेहाला दोघंच हात लावतात. तिसरा दाराशी उभा राहतो. तो यादीतली एकेक पायरी मोठ्याने वाचतो, आणि कोणी चुकलं तर 'थांबा' म्हणतो. तो जागेवरून हलला तर काम तिथेच थांबवायचं. बाहेरच्याला वाटतं हा फुकटचा पगार खातो. मामा स्वतःही स्वतःला बिनकामाचा मुकादम म्हणतात. नवीन आलेल्यांना ही पद्धत मीच शिकवते.

आईला वॉर्डातून खाली आणलं तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. साहेब म्हणाले, आज तू नको, दुसरं कोणी करेल. मी म्हटलं, मला चालेल. तुला ज्याची चीड येते त्याच आवाजात म्हटलं.

टेबलाशी मी आणि लंबू, म्हणजे माझ्याबरोबर काम करणारा मुलगा. साडेसहा फूट आहे, त्याला सूट गुडघ्यापर्यंतच येतो. दाराशी मामा. तेवढ्यात फाटकावरून फोन आला. मामांनी घेतला.

"बाई, तुमच्या ताई आल्यात. पिशवी बंद व्हायच्या आत आईला एकदा बघायचंय म्हणतात. थांबायचं ना?"

"सांगा, नियमात बसत नाही."

मामा हलले नाहीत. "बाई, बसतं की."

"मामा, जाऊन सांगा."

ते गेले.

ताई, बसतं. आमच्या पुस्तिकेत पान सातवर आहे. घरच्या एका माणसाला मास्क लावून दोन मीटरवर उभं करायचं आणि चेहरा दाखवायचा. हात लावू द्यायचा नाही, एवढीच अट. त्याआधीच्या पाच आठवड्यांत मी स्वतः एकतीस घरांना दाखवला होता. मांडीचं हाड मोडलं म्हणून दाखल केलेली आई सतरा दिवस आपल्या दोघींनाही भेटली नव्हती, वॉर्डातच तिला लागण झाली. बत्तिसावं घर आपलं होतं. ते मीच नाकारलं, मामांनी नाही.

का, ते नऊ दिवस शोधते आहे. तू आली असतीस तर रडली असतीस. तू रडायला लागलीस की मला आवरत नाही. शाळेत बक्षीस मला मिळालं होतं, रडत तू होतीस, आणि शेवटी स्टेजवर मीही. सूट घातल्यावर डोळे पुसता येत नाहीत. मला काम नीट करायचं होतं. आणि आईपाशी मला एकटीलाच असायचं होतं. हे वाक्य दोनदा खोडलं, पण काचेवर खोडलेलंही दिसेल, म्हणून ठेवते.

मामा फाटकाकडे गेले तेव्हा काम थांबवायला हवं होतं. मी लंबूला म्हटलं, चालू ठेवू.

कुशीवर वळवण्याआधी तोंडावर औषधात भिजवलेलं कापड ठेवायचं असतं. ती यादीतली अकरावी पायरी. वाचायला कोणी नव्हतं. आम्ही आईला वळवलं आणि तिच्या तोंडून आवाज आला. छातीत उरलेली हवा बाहेर येते, दुसरं काही नसतं. नवीन पोरं दचकतात तेव्हा हेच मी त्यांना सांगते. पण तो आवाज आई खुर्चीतून उठताना करायची तसा होता, तंतोतंत. मी 'काय ग?' म्हटलं. मास्कमधून बोललेलं समोरच्याला नीट ऐकू जात नाही, आम्ही तिथे सगळे ओरडूनच बोलतो. म्हणून मी चेहऱ्यावरची काच वर केली, मास्क खाली ओढला, त्याच हातमोज्याने, आणि वाकून पुन्हा विचारलं, "काय ग, आई?"

लंबूने मला मागे खेचलं. बिचारा नंतर अर्धा तास मलाच सॉरी म्हणत होता.

तोंड धुतलं, वेळ टिपली, साहेबांना कळवलं. अकरा वाजून चाळीस मिनिटं. त्याच वेळी तू फाटकावर मामांना नियम विचारत होतीस, आणि ते माझं खोटं सांभाळत उभे होते. हे सगळं मी सकाळी लिहून, सही करून, असंच काचेतून फोटो काढवून ऑफिसला दिलंय. शुक्रवारी चौकशीत तेच वाचतील. तुझी तक्रार मागे घेऊ नकोस. फक्त त्यांच्या जागी माझं नाव लिही.

तुला चेहरा बघायचा होता. मी बघितलाय, तर जमेल तितकं नीट सांगते. नाकाच्या हाडावर ऑक्सिजनच्या मास्कचा वळ होता, लालसर, जखम नव्हती. ओठ कोरडे. वॉर्डातल्या कोणीतरी वेणी घातली होती, पण भांग उजवीकडे. मी तो डावीकडे करून घेतला. यादीत ती पायरी नाही. डोळे मिटलेले होते, मला मिटावे लागले नाहीत. डाव्या भुवईवरची खूण, तू झोपाळ्याचा धक्का दिलास तेव्हाची, नेहमीपेक्षा जास्त दिसत होती. त्रासलेली वाटत नव्हती. हे तुझं समाधान करायला लिहीत नाहीये, तसं वाटलं असतं तर तसंच लिहिलं असतं.

आता कामाचं. अजून पाच दिवस आहेत, आणि ९९.३ म्हणजे काहीही असू शकतं. उलट झालं तर घरच्यांच्या रकान्यात तुझं नाव दिलंय. ऑफिसचा फोन आला की लगेच निघ, चिमणीला आणू नकोस. फाटकावर सांग, पिशवी बंद व्हायच्या आधी चेहरा बघायचाय, पान सात. कोणीही नियमात बसत नाही म्हणालं तर ते खोटं आहे. टेबलाशी कोण असेल माहीत नाही. यादी वाचायला मामा असतील, ते थांबवतील. दोन मीटरवर उभी राहा आणि हवं तितकं रड. मी मध्ये येणार नाही.

आणि काही झालं नाही, तर सोमवारी मी सुटेन. सुटल्यावर कुठे जायचं ते मी ठरवलेलं नाही. ते तू ठरवायचंस.

तुला आईपर्यंत पोचू न देणारी,
तुझीच धाकटी