सिंगापूर गार करणारा डबा

८ मे, चौसाळा
स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू: लोखंडी कूलर आठ (सात चालू), ज्वारी उफणायचा पंखा, शेळ्यांना आपोआप पाणी देणारी टाकी, सासूबाईंच्या खाटेला चाकं. (सासूबाई पडल्या. दोष ओसरीच्या उताराचा, चाकं उत्तम.) आणि आज पूर्ण झालेला प्रवासी कूलर! तेलाचा डबा, टेबल फॅनची मोटार, तीन बाजूंना गवताच्या जाळ्या, आत पंप. शिकवणारा कोणी नाही.
लेक धनश्री आणि जावई अभिमन्यूराव सिंगापूरला असतात. मी आणि विजयमाला पंधरा दिवस जाणार.

९ मे
चहाच्या टपरीवर जाहीर केलं: तिथे एसीत झोपणार नाही. झोपलो तर दुकानावरची ‘कूलर सम्राट’ पाटी उतरवीन. माझा दोस्त सुग्रीव म्हणाला, “गहिन्या, तिकडं हवाच ओली हाय बे. पाणी वाळंना, तर गार कसं व्हईल?” सुग्रीव बारावी झालाय. शिक्षणाने माणूस शंकेखोर होतो. मी सातवीत थांबलो ते बरं.
शिवाय इथे त्रेचाळीस, तिथे बत्तीस. बत्तीस म्हणजे आपली दिवाळी.

१४ मे, सिंगापूर
पोचलो. पुढच्या प्रवाशांसाठी सूचना: नळाचं पाणी बिनधास्त प्यावं. मेट्रोत खाऊ-पिऊ नये, दंड आहे. छत्री रोज. स्वेटरही न्यावा, मेट्रोत एसी लई. एसीची हवा अंगात जाऊ नये, ही खबरदारी म्हणून मी दोन स्टेशनं श्वास रोखला. शेजारच्या बाईंनी जागा दिली.

१५ मे
कूलर खिडकीत लावला. थंडावा सुरू व्हायचाय. विजयमाला म्हणाली, “अहो, ह्यानं भिंतीलाबी घाम फुटला.” आणि एसीच्या खोलीत गेली. यंत्राला नवा देश मानवायला वेळ लागतो.

१६ मे
वेग वाढवला. बनियन वाळत नाही, अंगावरचाही. धनश्री म्हणाली, “अण्णा, बंद केल्यावर जास्त गार वाटतंय.” म्हणजे बंद केल्यावरही परिणाम टिकतो! हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

१७ मे
अभिमन्यूरावांनी ओलावा मोजायचं यंत्र आणलं. “मामा, बाहेर ऐंशी टक्के, तुमच्या खोलीत शहाण्णव.” एवढे टक्के मला आयुष्यात कधी पडले नव्हते.

१८ मे
काल एसीच्या खोलीत तपासणीसाठी गेलो. आवाज नीट ऐकू यावा म्हणून आडवा झालो, डोळे मिटले. सकाळी साडेआठला तपासणी संपली. विजयमाला म्हणते, घोरत होता. फोटो काढून तिने थेट सुग्रीवच्या बायकोला पाठवला. दुपारी सुग्रीवचा फोन: “शिडी आणलीय बे. उतरवू का पाटी?” मी म्हणालो, एसी मी लावला नव्हता, मी फक्त आत होतो. तो हसला. मागे सगळी टपरी हसली.

१९ मे
पाटी उतरली. तशीही रंगवायची होती.
कूलर मात्र दुसऱ्या खोलीत इमानाने चालू. घरघर ऐकून आज शेजारचे चिनी आजोबा स्वतः दारात आले. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट नोट पुढे! धनश्री कपाळाला हात लावून म्हणाली, “अण्णा, ते विकत न्हाई मागत. बंद ठेवायचे पैसे देतायत.” अट कुठल्या सौद्यात नसते? चौसाळ्यात चालू कूलरला कोणी आगाऊ देत नाही, इथे बंद कूलरला रोख.
तरी पैसे नम्रपणे नाकारले. भाव मात्र नोंदवून ठेवतो: पन्नास डॉलर.