न उकळलेलं तीर्थ

प्रिय सत्यम,

अक्षर वेडंवाकडं दिसेल. बोटांत अजून जोर नाही, पेनाला रबर गुंडाळून लिहिते आहे. तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तरी माझ्या वाकड्या तोंडातून तुला निम्मंच कळेल.

परवा तुझी आई आमच्याकडे तळेगावला येऊन गेली. काकूने माझ्यावरून लिंबू उतरवलं आणि म्हणाली, "गेल्या जत्रंत बाहेरचं लागलंय गं पोरी, दुसरं काय न्हाई." मला हसू नाही आलं, शिसारी आली. काकूची नाही, तिला कुणी काही सांगितलंच नाही त्याची.

गेल्या चैत्रात जत्रेला कुरवंड्याला आले होते ना मी. घरी पाणी उकळून, गाळून पिणारी बाई मी, वर्गातल्या पोरांनाही तेच शिकवते. पण देवीचं तीर्थ कोणी उकळतं का? देवळामागच्या विहिरीचं पाणी देवीच्या पायावरून आलं, मी ओंजळभर प्यायले. चव जरा वेगळी लागली, म्हटलं कापराची असेल. मग घरादाराला जुलाब झाले आणि सगळे बरेही झाले. मीसुद्धा. पुढच्या आठवड्यात फळ्यावर लिहिताना हातातून खडू गळला. मग पायांत मुंग्या, मग पाय गेले, मग श्वास. गळ्यात नळी, कंबरेला लंगोट. सगळं कळत होतं. स्वतःच्याच अंगाचा वास यायचा आणि नाक मुरडायला चेहरा हलत नव्हता.

डॉक्टरांनी नाव सांगितलं, जीबीएस. पोट बिघडवणाऱ्या काही जंतूंचं रूप आपल्या नसांशी मिळतंजुळतं असतं म्हणे. शरीर त्या जंतूला मारायला निघतं, जंतू मरतो, पण चवताळलेलं शरीर मग आपल्याच नसा शत्रू समजून कुरतडत बसतं. तेच पाणी सगळ्यांच्या पोटात जातं, हे होतं एखाद्यालाच. ती एखादी मी.

श्रीपाद विहिरीचं पाणी बाटलीत भरून तपासायला घेऊन गेले. नवरा म्हणून नाही, मास्तर म्हणून, खात्री करायला. त्यात माणसाच्या घाणीचे जंतू निघाले. माझ्या पोटात गेलेला जंतू तोच, असं शपथेवर कोणी सांगणार नाही, मीही सांगत नाही. पण विहिरीच्या वरच्या अंगाला तुझा भाड्याने द्यायचा बंगला आहे. शनिवार-रविवारी तिथे पंचवीस-तीस माणसं नाचतात, खातात आणि संडासला जातात. शोषखड्ड्याचं विचारलं तेव्हा तू म्हणाला होतास, "लय खोल घेतलाय ताई, काळजी नको." खोल म्हणजे थेट विहिरीच्या झऱ्यापर्यंत.

आणि इस्पितळात छताकडे बघत पडले असताना आणखी एक आठवलं. तीर्थ घेताना तू माझ्या शेजारी होतास. ओंजळ पुढे केलीस, थेंब कपाळाला लावलास आणि उरलेलं पाणी केसांवरून मागे सोडून दिलंस. मला वाटलं, पोरगा किती भाविक झाला. तू प्यायला नाहीस, सत्यम. तुला माहीत होतं. मी शेजारी पीत होते आणि तू बघत होतास.

यंदा घागरीचा मान तुझ्याकडे आलाय, काकू कौतुकाने सांगत होती. विहिरीतून तीर्थाची घागर काढणाऱ्याने पहिलं तीर्थ घरातल्या सगळ्यात लहान लेकराला आपल्या हाताने पाजायचं, ही आपली रीत. घरातलं सगळ्यात लहान लेकरू आता तुझी लेक ऋचा आहे. तेवढ्यासाठी हे पत्र. जत्रेच्या आत खड्डा बंद कर, विहीर उपसून घे आणि का उपसली ते गावाला तुझ्या तोंडाने सांग. नाहीतर मी येणार आहे, श्रीपाद मला चाकाच्या खुर्चीतून आणतील. ऋचाच्या ओठांपर्यंत तुझा हात जायच्या आधी ती घागर मी सगळ्या गावासमोर पालथी करीन. रोज त्यासाठीच पाण्याने भरलेला तांब्या उचलून बघते.

अजून तरी तुझीच,
राजेश्वरीताई