आप्पांची दाढी

चिखली,
सोमवार

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोनवर आप्पांचं नाव काढलं की एकतर तुझी शिफ्ट सुरू होते नाहीतर रेंज जाते, म्हणून शेवटी कागद हातात घेतला. वहिनीला सांगून ठेवलंय की हे पत्र तुझं जेवण झाल्यावरच द्यायचं. उपाशीपोटी तू कुणाचंच ऐकत नाहीस, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

तर बातमी अशी की तुझी धाकटी बहीण दाढी करायला शिकली. आप्पांची, आणि तीही त्यांच्या वस्तऱ्याने. हसायचं तेवढं आधीच हसून घे. आईही हसली होती. म्हणाली, लग्नाला आलेल्या पोरी मेंदी शिकतात, पार्लरचा कोर्स करतात, आणि आमची जया वस्तरा परजत बसलीय. सासरी कळलं तर घरात घेतील का?

सुरुवात दिवाळीनंतर झाली. तू तासभर आलास तेव्हा आप्पा शालीखाली हात घेऊन बसले होते, आठवतं? तुला वाटलं त्यांना थंडी वाजतेय. हात थरथरत होता आणि तो तुला दिसू द्यायचा नव्हता. पुढे डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं, ते तुला फोनवर मी अर्धवट बोललेच होते. पण औषधं सुरू होण्याआधीच एका सकाळी त्यांनी गालाला चांगला लांब चिरा पाडून घेतला. तुरटी फिरवली, वस्तरा पुसला, मिटला आणि डब्यात ठेवून दिला. त्या दिवसापासून दाढी बंद. दाढी बंद म्हणजे बाहेर जाणंही बंद. देवळाच्या पारावर नाही, कुणाच्या लग्नाला नाही. तू पाठवलेला ट्रिमर त्यांनी हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि आईकडे दिला. ती त्याने स्वेटरवरचे गोळे काढते, आणि तुला दुवा देते.

सलूनमध्ये जा म्हणून मी किती मागे लागले! पण त्यांचे नेहमीचे न्हावी किसननाना गेल्यापासून ते कुणाच्या खुर्चीत बसलेच नाहीत. नाना आपल्या भोसरीच्या धार लावायच्या शेडवर स्वतःचे वस्तरे धारेला घेऊन यायचे आणि धंदा मुलाच्या हाती दिला तेव्हा त्यातला एक आप्पांना देऊन गेले, तोच हा. आता सगळ्या सलूनमध्ये वस्तऱ्याला अर्धं ब्लेड लावायचं आणि फेकून द्यायचं. पण खरं कारण ते नव्हतं. अर्ध्या भोसरीतल्या कारखान्यांचे कटर ज्याच्याकडे धारेला यायचे तो माणूस दाढीसाठी दुसऱ्याच्या खुर्चीत बसला, की लोक विचारणारच, कोंडाजी, हाताला काय झालं? ते उत्तर त्यांना द्यायचं नव्हतं. आप्पांनी आईच्या जुन्या साडीने आरसा झाकून टाकलेला दिसला तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, आप्पा, मी करते. ते म्हणाले, "तुला काय येतंय?" म्हटलं, काहीच नाही. त्यावर म्हणाले, "मंग शीक. आदी धार, मंग गाल."

आणि दादा, तुला म्हणून सांगते, असला मास्तर वैऱ्यालाही मिळू नये! तू एवढी वर्षं शेडवर त्यांच्या शेजारी उभा राहून कसा टिकलास, ते आता कळलं. सुपारीएवढी चूक झाली तरी हूं करतात, आणि बरोबर केलं तरी हूंच करतात. कुठला हूं कुठला, ते आपण ओळखायचं. धारेची पथरी पाण्याने भिजवायची आणि वस्तरा तिच्यावर अगदी आडवा झोपवायचा. पाठही दगडाला आणि धारही दगडाला. कोन आपण ठरवायचाच नाही, तो पाठीच्या जाडीनेच ठरतो. कटरला धार लावणाऱ्याला हेच जड जातं, त्याचा हात आपोआप पाठ उचलतो. धार पुढे ठेवून ढकलायचं, टोकाला गेलं की पाठीवरून पालटायचं आणि परत यायचं. दाबायचं नाही, वस्तऱ्याचं वजन पुरतं. धारेवरून कधी पालटू नकोस, सगळी मेहनत एका झटक्यात जाते. मग चामड्याच्या पट्ट्यावर उलटं, पाठ पुढे आणि धार मागे. पट्टा ताठ धरायचा. तो सैल पडला की धार गोल होते, आणि आप्पांचा आवाज चढतो.

मी सगळं असंच करत होते आणि तरीही वस्तरा मनगटावरची लव काढेना. आठवडेच्या आठवडे गेले. दगड बदलून पाहिला, पट्ट्याला तेल लावलं, कंपनीतल्या भिंगाखाली धार नेऊन पाहिली. आप्पा म्हणायचे, लावताना तर बराबर लावतीस. शेवटी एक दिवस ते माझ्या शेजारी पाटावर बसून राहिले आणि शेवटपर्यंत हलले नाहीत. माझं झालं, मी वस्तरा पुसला, आणि खिशातला छोटा ऑइलस्टोन काढून धारेवरून अलगद एक हात फिरवला. चाकणला आमच्या इन्स्पेक्शनमध्ये कुठलाही जॉब पुढे सोडायचा तर आधी त्याची धारदार कड घासून मारायची, म्हणजे पुढच्या माणसाचं बोट कापत नाही. वर्षानुवर्षं तेच करतेय, हात आपला आपण चालतो. मला कळतही नव्हतं की मी रोज तासभर धार लावते आणि शेवटच्या क्षणी स्वतःच्या हाताने ती मारून टाकते! आप्पांनी ते पाहिलं, आधी कपाळावर हात मारला आणि मग हसायला लागले. "आगं बये, वस्तऱ्याची कड मारलीस व्हय!" दादा, ते इतके हसले की आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. मलाही हसू आलं आणि मग रडूही आलं, कारण दिवाळीपासून त्यांना हसताना पाहिलंच नव्हतं.

त्यानंतर हात फुग्यावर. फुग्याला साबणाचा फेस लावायचा आणि तो न फुटता वस्तऱ्याने उतरवायचा. पहिला फुटला तेव्हा आईने देवाचं नाव घेतलं, पुढच्या फुग्यांना तिने माझं घेतलं. मग खरा गाल हवा होता. तुझ्या होणाऱ्या मेव्हण्याने दिला. समर्थ आमच्याच कंपनीत पेंटशॉपला आहे, हे तुला माहीत आहेच. त्याला गंमत म्हणून विचारलं तर हा सरळ खुर्ची ओढून बसला. दोन ठिकाणी रक्त काढलं मी, तरी म्हणतो कसा, छान झालीय. या माणसाशी लग्न करायचं हे ठरलेलंच होतं, पण त्या दिवशी मला ते पटलं.

मग आप्पांचा पहिला गाल. गरम पाण्याचा टॉवेल आधी भरपूर वेळ ठेवायचा, केस मऊ पडल्याशिवाय घाई नाही. फेस ब्रशने गोल गोल. एका हाताने कातडी वर ताणून धरायची, वस्तरा जवळजवळ आडवा ठेवायचा आणि केस जिकडे झुकतात तिकडेच आखूड ओढत यायचं. केस ओढले जातायत असं वाटलं तर थांबायचं आणि पुन्हा पट्ट्यावर घ्यायचं, जोर लावायचा नाही. जबड्याच्या वळणाला सगळ्यात जपायचं, कारण तिथे हात सरळ जातो आणि हाड जात नाही. आता सवय झालीय. दर रविवारी आणि बुधवारी आम्ही गच्चीच्या दारात बसतो, त्यांना डुलकी लागते इतकी हलकी होते दाढी. ते पुन्हा पारावर जायला लागलेत. कुणी विचारलं की सांगतात, जयानं केली. आणि दादा, मला बढती मिळाली तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता.

गंमत अशी की फेस लावला की आप्पा बोलायला लागतात. डोळे मिटलेले असतात, समोर कुणी नाही असं समजून बोलतात. गेल्या महिन्यात असेच बोलता बोलता म्हणाले, "त्या परत आलेल्या लॉटचे कटर रव्यानं न्हाई बिघडवले. माझाच हात हलला हुता. तवाच सुरू झालं हुतं, मला कळत हुतं." मी थांबले, वस्तरा बाजूला धरला. ज्या लॉटवरून त्यांनी परक्या माणसासमोर तुझ्यावर खापर फोडलं, तू अॅप्रन काढून टेबलावर ठेवलास आणि तळेगावची नोकरी धरलीस, तोच लॉट. इतकी वर्षं तू खरा होतास, आणि ते त्यांना त्याच दिवशी ठाऊक होतं. मी विचारलं, मग दादाला सांगत का नाही? म्हणाले, "कोणत्या तोंडानं?" मला त्यांचा भयंकर राग आला, तुझ्या वतीने आला. पण माझ्या हातात वस्तरा होता आणि अर्धा गाल बाकी होता, म्हणून आधी तो पुरा केला. नंतर राग शोधला तर पूर्वीएवढा सापडला नाही.

आता हे सगळं तुला एवढं सविस्तर का लिहिलं, ते सांगते. आप्पा माझ्याकडून फक्त गालांची दाढी करून घेतात. गळ्याशी आले की टॉवेल ओढून घेतात आणि उठतात. म्हणून उन्हाळ्यातसुद्धा मफलर गुंडाळून हिंडतात. मला वाटायचं, माझ्या हाताची भीती वाटते. काल भांडूनच विचारलं, येत्या रविवारी माझं लग्न आहे, कन्यादानाला मफलर लावून बसणार का? तर म्हणाले, "तितं रव्याचा हात पायजे. त्याचा हात हलत न्हाई." तू आईला कळवलंस की लग्नाच्या दिवशी थेट आळंदीला कार्यालयात येतो, पाहुण्यासारखा. तसं नको, दादा. शनिवारी आई वस्तरा उघडू देणार नाही आणि शुक्रवारी तुझी सेकंड शिफ्ट आहे, वहिनीला विचारून घेतलंय. तेव्हा शुक्रवारी सकाळी ये. वर लिहिलंय ते दोनदा वाच, घरी एखाददुसरा फुगा फोड, धार मी लावून ठेवते. आप्पा माफी मागतील या आशेने मात्र येऊ नकोस, ते त्यांना जमायचं नाही. तू वस्तरा उघडून जवळ गेलास की ते डोळे मिटतील आणि मान वर करून गळा तुझ्यापुढे धरतील. तेवढ्यावरून समजून घे.

वाट पाहणारी तुझीच,
जया