नॅसिक

मंगळवार, संध्याकाळ. गंगापूर रोड.

डोकं अजून तापलेलंच आहे. ज्या तरुणांच्या टीव्ही चॅनेलवर मी वीस वर्षांपूर्वी वर्षभर निवेदिका होते, ते बंद होतंय. नाव परदेशी कंपनीचं, आमची ती लायसन्सवरची भारतीय आवृत्ती. लायसन्स संपलं, म्हणून आज त्यांनी आपला इतिहास सांगणारा व्हिडिओ टाकला. त्यात काय म्हणे, "आम्ही छोट्या शहरांना आवाज दिला!" आणि पुरावा म्हणून कोण? मी. "हाय, मैं नॅसिक से!"

नॅसिक! माझी लेक सई खो खो हसत सुटली. "आई, आपल्या गावाचं नाव असं कोण घेतं?"

"अगं, दिग्दर्शकाने म्हणायला लावलं," मी भडकून म्हटलं. वीस वर्षं सगळ्यांना हेच सांगत आलेय. आवाज दिला म्हणे! होता तो काढून घेतला मेल्यांनी!

तेवढ्यात पुढचा तुकडा लागला, तेव्हा कापून टाकलेला. दिग्दर्शक मला विचारतोय, "घर पे नाशिक बोलते हो ना? वही बोलो."

आणि मी मान उडवून म्हणतेय, "नहीं सर, नॅसिक अच्छा लगता है."

हे मी कधी म्हटलं?

सई या वेळी हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.