दोन कोंबडे आणि एक संघटना

झोम्बा, रविवार

आदरणीय लेव्हिसन दाजींना धाकट्या मेव्हण्याचा, फायसनचा, नमस्कार.

इकडे सगळे ठीक. तुमचा ताप उतरला असेलच (बैठक संपली तसा उतरला, असं आमची एनेलेसी फोनवर म्हणाली, बहीण माझी आहे, खोटं बोलणार नाही). तुम्ही आला नाहीत, म्हणून हकीकत कळवतो.

आफ्रिकेच्या पिकलबॉल मंडळाचा नियम तुम्हाला ठाऊक आहे: एका देशाची एकच संघटना. आणि मलावीत दोन, झोम्ब्याची माझी आणि ब्लांटायरची तुमची. महिनाअखेर जुळलं नाही तर दोघांचीही पोरं स्पर्धेला मुकणार. आता जुळवायचं म्हटलं की आपल्याकडे दोन्हीकडचे मामा लागतात. मुलाकडच्यांनी कोंबडा आणायचा, मुलीकडच्यांनी कोंबडी, अदलाबदल झाली की नातं पक्कं. संघटनांचं वेगळं काय असणार? पण मुलीकडचे कोण, हे ठरवायचं दोन्हीकडचे विसरले. तुमच्या मामांनी कोंबडा काढला, आमच्यांनीही कोंबडाच.

"शहर आमचं मोठं, मुलगा आमचा!" तुमचे मामा गरजले.

"खेळ इथे जन्मला!" आमचे मामा म्हणाले. "आणि तुमचा लेव्हिसन म्हणजे आमचा घरजावई. तोही पळालेला, वर आमची पोरगी घेऊन!"

तेवढ्यात दोन्ही कोंबडे सुटले आणि कोर्टवर नेटपाशी जुंपले. हे मीलन बघायला मंडळाच्या एक बाई मुद्दाम लुसाकाहून आल्या होत्या. नेटजवळच्या पट्ट्यात उभं राहून हवेत फटका मारायचा नाही, हा नियम त्यांच्या अंगात इतका मुरलेला की त्यांनी शिट्टी फुंकून दोन्ही कोंबड्यांना फाऊल दिला. मग पिशवी उचलून त्या चालत्या झाल्या.

खरं सांगू, दाजी? शाळेच्या मोडक्या बाकांच्या फळ्यांच्या बॅटी होत्या, तेच बरं होतं. मिशनच्या शाळेच्या बाई मायदेशी जाताना भोकांचे दोन चेंडू देऊन गेल्या होत्या. एक तडकला तेव्हा एनेलेसीने तो मेणबत्तीच्या मेणाने सांधला. तुम्ही डावीकडे, मी उजवीकडे आणि गुण मोजताना ती आपल्या दोघांच्या बाजूने बिनदिक्कत लबाडी करायची. तेव्हा ना अध्यक्ष होता ना मंडळ. संध्याकाळी डोंगरावरून धुकं उतरलं की चेंडू दिसेनासा व्हायचा, तरी आपण आवाजावर खेळायचो. त्या संध्याकाळींची फार आठवण येते.

असो. तुमच्यावाचून इथे कुणाचं काही अडलेलं नाही. एनेलेसीला नमस्कार.

आपला,
फायसन

ता.क. अध्यक्षपद तुम्हीच घ्या. मला नुसता त्रास होतो.

ता.क. दुसरा. तुमचा कोंबडा इथेच राहिला आहे. बायको त्याला रश्श्यात घालायचं म्हणते, मी थोपवून धरलंय. रोज संध्याकाळी तो कोर्टवर डाव्या बाजूला जाऊन उभा राहतो. ती जागा मी अजून कुणाला दिलेली नाही, त्यालाही देणार नाही. शनिवारी एनेलेसीला घेऊन या. मुलीकडचे आम्ही. कोंबडी बांधून ठेवली आहे.