तपासले. जाऊ द्यावे.

३ मार्च, सकाळी ८.१०
आजपासून रोजनिशी. कुणालाही दाखवायची नाही. हिला तर नाहीच. (ही म्हणजे माझी बायको.)

काल पोलीस ठाण्यात सगळ्या घरमालकांना बोलावलं होतं. नवे साहेब म्हणाले, या भागात नशेच्या पुड्या विकल्या जातायत. तुमच्या जागेत हे चाललंय हे माहीत असून तुम्ही चालू दिलंत, तर विकणाऱ्याच्या बरोबरीनं तुम्हीही आत जाल. जागा तुमच्या ताब्यात, तेव्हा हात झटकता येणार नाहीत. बाकीच्या मालकांचे चेहरे उतरले. मी मात्र मान डोलावत बसलो होतो. एकतीस वर्षं कारखान्याच्या गेटवर तपासनीस होतो. गेटपासशिवाय एक खिळा बाहेर जाऊ दिला नाही.

संकल्प: घरावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवणे.

३ मार्च, दुपारी
संशयितांची यादी केली.
वरच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाई. पोरं वेळेवर येतात, वेळेवर जातात, जिन्यात दंगा नाही. हे नैसर्गिक वाटत नाही.
दूधवाला. विनाकारण हसतो.
मेहुणा. पुरावा अजून नाही.
मागच्या खोलीत दुकान थाटलेला भाडेकरू, फिशटँकवाला, यादीत घेतलेला नाही. सज्जन माणूस. मला ‘सर’ म्हणतो. घरात बाकी कुणी म्हणत नाही.

६ मार्च
सिस्टिम सुरू! ट्रंकेतून गेटपासची जुनी बुकं काढली. शिक्काही सापडला. निवृत्तीच्या दिवशी चुकून माझ्या डब्यात आला होता. ‘तपासले. जाऊ द्यावे.’ अक्षरं अजून ठसठशीत.

नियम: घरातून कुठलीही वस्तू बाहेर जाताना फाटकापाशी माझ्या टेबलावर पास घ्यायचा. नाव, वस्तू, नग, वेळ, माझी सही, शिक्का. एक प्रत त्याला, एक माझ्याकडे.

शिकवणीच्या बाईंनी वह्यांच्या पिशवीला पास घ्यायला साफ नकार दिला. म्हणाल्या, काका, मला उशीर होतोय. नोंद केली. फिशटँकवाला मात्र हात जोडून म्हणाला, सर, हे आधी कुणाला कसं सुचलं नाही? माझ्या एकेक कस्टमरला सांगतो.

९ मार्च
अकरा पास. सगळ्यांवर वस्तू एकच: माशांचं खाद्य, पुडी, नग एक. या भागात माशांची एवढी आवड आहे याची कल्पना नव्हती. एक गृहस्थ दिवसातून तीनदा आले. मी विचारलं, मासा केवढा आहे? ते म्हणाले, कुठला मासा? मग थोड्या वेळानं म्हणाले, हां, मोठा आहे. आवडीपायी माणूस किती हरवून जातो!

आज सात जणांनी आडनाव एकच सांगितलं. मोठं कुटुंब दिसतंय.

१५ मार्च
ही म्हणाली, अहो, त्याच्या दुकानात मासा एकच आहे आणि तोही परवापासून उताणा तरंगतोय. मी म्हटलं, तशी जात असेल. ही म्हणाली, आणि आजवर एक माणूस मासा घेऊन बाहेर पडलेला पाहिलात का? मी रजिस्टर चाळलं. खरंच नाही. म्हणजे मासे सगळ्यांकडे आधीपासूनच आहेत. सरळ आहे.

दूधवाला आज हसला नाही. सावध झालाय.

२ एप्रिल
हिच्याशी वाजलं. म्हणाली, एकदा, फक्त एकदा, ती पुडी उघडून बघा. मला ही लक्षणं बरी दिसत नाहीत. पोलिसांना सांगा.

मी शांतपणे समजावलं. गेटवरचा तपासनीस वस्तू उघडत नाही. पासवर नग एक, हातात नग एक, झालं. आत काय आहे ते बघायला कारखान्यात वेगळं खातं असतं. एकतीस वर्षांत मी एक खोकं उघडलं नाही, म्हणून तर साहेब लोकांचा विश्वास होता. ही म्हणाली, इथे वेगळं खातं कोण आहे? हा प्रश्न विचारण्याचा तिचा सूर मला आवडला नाही.

एकूण हिला फिशटँकवाला डोळ्यांत खुपतो. मला कुणी मान दिला की हिला चालत नाही.

५ एप्रिल
फिशटँकवाल्यानं मला काचेचं भांडं आणि एक केशरी मासा भेट दिला. डोळ्यांत पाणी आलं. मुलानंही कधी काही दिलं नाही असं.

म्हटलं, तुमच्या त्या प्रसिद्ध खाद्याची एक पुडीही द्या. तो पांढराफटक पडला. म्हणाला, सर, ते तुमच्या माशाला मानवणार नाही, बिस्किटाचा चुरा घाला. स्वतःचा माल गळ्यात मारायचा नाही, हा प्रामाणिकपणा आज कुठे बघायला मिळतो? हिला मुद्दाम सांगितलं.  ती आत जाऊन भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी होती.

११ एप्रिल
शिकवणीच्या बाई तक्रार घेऊन आल्या. जिन्यात एक माणूस भिंतीशी गप्पा मारत बसलाय, मुलं घाबरतात. जाऊन बघितलं. त्याच्याकडे रीतसर पास होता, शिक्क्यासकट. मी बाईंना पास दाखवला. त्या म्हणाल्या, काका, तुम्ही भोळे आहात की सोंग करताय?

मला! भोळा!

आता चित्र स्वच्छ झालं. या बाईंना फिशटँकवाल्याचं नाव पुढे करून स्वतः नामानिराळं राहायचंय. हिलाही त्यांनीच फितवलेलं असणार. दोघी गच्चीवर कपडे वाळत घालताना कुजबुजत असतात. मी गेलो की वाळवणाबद्दल बोलायला लागतात.

१३ एप्रिल
बाईंच्या खडूंच्या डब्याची अचानक तपासणी. खडू निघाले. फार हुशार बाई.

१४ एप्रिल
पोलिसांना अर्ज दिला. दोन प्रती, पोचसहित. ‘आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर शिकवणीच्या नावाखाली संशयास्पद शांतता आहे. कृपया साध्या वेषात पाळत ठेवावी. मालकाचे पूर्ण सहकार्य राहील.’ फिशटँकवाल्याला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून सांगितलं नाही.

१९ एप्रिल
माशांचे दोन नवे शौकीन आले. केस बारीक कापलेले, पायात चकचकीत बूट, उभं राहणं ताठ. दोघांनीही पुडी घेतली, पास घेतला, शिक्का नीट वाचला. एकानं तर दोनदा वाचला. म्हणाला, हे तुम्ही स्वतः मारता? मी म्हटलं, एकेक मारतो, माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय इथून पुडी बाहेर जात नाही. तो म्हणाला, वा. अशी दाद देणारी माणसं हल्ली कमी.

२० एप्रिल, सकाळी ११
पोलीस आले! मी धावत जाऊन त्यांना वरचा जिना दाखवला. ते मागच्या खोलीत गेले.

२० एप्रिल, संध्याकाळी
काय लिहू? फिशटँकवाल्याला नेलं. जाताना त्यानं वाकून नमस्कार केला नाही. म्हणाला, सगळं सरांच्या परवानगीनंच चाललं होतं, शिक्के बघा.

टँकच्या वाळूखाली पुड्यांचा ढीग निघाला. माझी बुकंही नेली. दोनशे चौदा पास. साहेबांनी ते टेबलावर पत्त्यांसारखे पसरले आणि म्हणाले, आजवर जागामालक म्हणायचे, आम्हाला पत्ताच नव्हता. प्रत्येक पुडीला सही करून देणारा मालक मी पहिल्यांदा बघतोय. तेवीस तारखेला पुन्हा बोलावलंय.

वरून बाईंच्या शिकवणीत पाढे चालले होते. यादीतून त्यांचं नाव खोडलं. (पेन्सिलीनं.)

२१ एप्रिल
वकील भाचा आला. म्हणाला, मामा, सगळा खटला एका गोष्टीवर उभा आहे: तुम्हाला माहीत होतं की नाही. माहीत असून चालू दिलंत असं ठरलं, तर काही वर्षं आत. माहीत नव्हतं असं पटलं, तर सुटलात. तेव्हा साहेबांना एकच सांगायचं, मला काही कळलं नाही.

मी म्हटलं, एकतीस वर्षं गेटवर काढलेल्या माणसानं, नाकासमोरून दोनशे चौदा पुड्या गेल्या आणि कळलं नाही, असं म्हणायचं? भाचा म्हणाला, हो. मी म्हटलं, मला अंदाज होता, मी सापळा रचत होतो, असं म्हटलं तर? त्यानं डोकं दोन्ही हातांत धरलं. म्हणाला, मामा, मग मामीला डबा द्यायला तुरुंगाच्या फाटकावर यावं लागेल, आणि तिथला तपासनीस डबा उघडून बघतो.

विचार करायला एक दिवस मागितला.

२२ एप्रिल
ही माझी पिशवी भरतेय. स्वेटर, रक्तदाबाच्या गोळ्या, चष्म्याचं जुनं घर, दोन टॉवेल. मध्येच पदर डोळ्यांना लावते. चिडली असती तर बरं वाटलं असतं. मी भ्यालोय. इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहितो: मी फार भ्यालोय. या वयात मला हिच्याशिवाय झोप लागायची नाही.

दुपारी या वहीतलं २ एप्रिलचं पान पुन्हा वाचलं. हिनं सांगितलेलं सगळं माझ्याच अक्षरात आहे. हे साहेबांनी वाचलं तर, माहीत नव्हतं, असं कोण मानेल? पान फाडायचं ठरवलं. पण त्याच्या पाठीवर फिशटँकवाल्याच्या प्रामाणिकपणाबद्दलची नोंद आहे, आणि ती भाषा म्हणून उत्तम उतरलीय. फाडवेना.

२३ एप्रिल
ठाण्यात गेलो. साहेबांनी विचारलं, तुम्हाला काय काय माहीत होतं? तोंडातून ‘काही नाही’ निघेना. दोनदा प्रयत्न केला. शेवटी म्हटलं, मी रोज लिहून ठेवतो, तुम्हीच वाचा. वही टेबलावर ठेवली. माझी नजर किती तीक्ष्ण होती ते तरी त्यांना कळू दे.

भाचा खुर्चीतून उठला आणि पुन्हा खाली बसला. बाहेर आल्यावर म्हणाला, मामा, स्वतःच्या हातानं पुरावा देणारा अशील मला पहिल्याच केसमध्ये मिळाला.

वही त्यांच्याकडे आहे, म्हणून हे उरलेल्या गेटपासच्या पाठीवर लिहितोय. हिनं एक बुक धोब्याच्या हिशेबाला घेतलं होतं, ते जप्तीतून वाचलं.

२७ एप्रिल, दुपारी १२.४०
सुटलो.

चार दिवसांत अख्ख्या ठाण्यानं वही वाचली म्हणे. मी आत शिरलो तर हवालदार उठून उभे राहिले. मला वाटलं, मान देतायत. एकानं विचारलं, काका, मासा कसा आहे? आणि सगळे खाली बघायला लागले.

साहेबांनी हिचा जबाब घेतला होता. ही म्हणाली, मी रोज सांगत होते, पण माझं बोलणं यांच्या कानापर्यंत जातं, पुढे जात नाही. शिकवणीच्या बाई स्वतःहून आल्या होत्या. म्हणाल्या, काकांनी माझ्यावर अर्ज केला ते खरं, पण काकांना यातलं काही कळलं असेल यावर माझे पहिलीतले विद्यार्थीही विश्वास ठेवणार नाहीत. ज्या बाईच्या खडूंची मी झडती घेतली, ती बाई!

मग साहेबांनी माझा जबाब पुढे ठेवला. त्यांनीच लिहून काढला होता. ‘रोजनिशी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली असता, सदर गृहस्थांना सर्व काही दिसत होते, परंतु त्यातले काहीही कळत नव्हते, याबद्दल शंका राहत नाही.’ म्हणाले, मान्य असेल तर सही करा आणि घरी जा.

मी वाक्य तीनदा वाचलं. भाच्यानं टेबलाखालून पाय दाबला. दाराशी ही पिशवी घेऊन उभी होती, स्वेटर वर दिसत होता. तिनं मान खाली घातली होती. वाद घालावा असं मनात आलं होतं, ते गेलं.

सही केली. सही करताना सवयीनं वरती ‘तपासले’ लिहून बसलो.

साहेबांनी ते बघितलं. माझ्या हातातलं पेन घेतलं आणि त्याच्यापुढे स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘जाऊ द्यावे.’