फुली तिथं सही

४ नोव्हेंबर, बाड हॉम्बुर्ग
मुलाकडे, सुमितकडे जर्मनीत येऊन महिना झाला. सून मैत्रेयी म्हणाली, आई, दिवसभर एकट्या असता, काहीतरी लिहा. चौथी पास आहे, लिहिते. मी गावच्या पतसंस्थेची संचालक. चेअरमन राजाभाऊ. मीटिंगला चहा-भजी, मग ते पेन्सिलीने फुली मारतील तिथं सही. वाचायचा त्रास त्यांनी कधी दिला नाही. निघताना कोऱ्या कागदांवरही सह्या देऊन आले. माझ्यावाचून काम अडायला नको.

९ नोव्हेंबर
शेजारीण वसुधा फोन उचलत नाही. मोबाईल बिघडला असणार. नवऱ्यामागे मिळालेले पैसे ती बँकेत कुजवत होती, मीच पतसंस्थेत ठेवायला लावले. दोन टक्के जास्त. उपकार काढायचे नसतात. तिच्यासाठी चॉकलेटं आणून ठेवली.

१० नोव्हेंबर, रविवार
चटणीला मिक्सर लावला. खालच्या बाईने बेल वाजवली. रविवारी आवाज नको, रूहेत्साइट म्हणे. नातवाला विचारलं, आजीचं चुकलं का रे? नील म्हणाला, गेनाऊ. म्हणजे अगदी बरोबर. इथं रिकामी बाटली टाकायलाही नियम. आमचे राजाभाऊ या देशात एक दिवस टिकले नसते.

१९ नोव्हेंबर
पाचलाच अंधार. सुमित म्हणाला, आई, पतसंस्थेला कुलूप लागलंय, सरकारने प्रशासक बसवलाय. जळतात लोक. राजाभाऊ दवाखान्यात आहेत. कुठल्या, ते कुणाला माहीत नाही. आराम हवा असेल माणसाला.
ठरलं. वसुधाला आपण फोन करायचा नाही. गरज असेल तर तीच करेल.

२० नोव्हेंबर
केला. वाजला. तिने कापला. म्हणजे मोबाईल दुरुस्त झाला.

२८ नोव्हेंबर
चॉकलेटं नीलने संपवली. नवी आणली.

२ डिसेंबर
गावाकडचा फोन. वसुधाच, म्हणून ओल्या हातानेच उचलला. प्रशासक साहेब निघाले. राजाभाऊंच्या मेव्हण्याला कर्ज दिलं, ते बुडालं, मंजुरीवर सही तुमची का, म्हणाले. म्हटलं, शेजारी पेन्सिलीची फुली असेल तर माझीच.
"बाई, फुली खोडलीय. सही पेनाची आहे."
राजाभाऊ सापडत नाहीत, आता भरपाई संचालकांकडून, म्हणाले. तक्रार कुणी केली विचारलं. ठेवीदारांनी. पहिली सही वसुधाताईंची.
तिची तब्येत बरी दिसते का, विचारलं. बऱ्या आहेत, म्हणाले. चौकशीसाठी पुन्हा फोन करावा लागेल.
म्हटलं, करा. मी घरीच असते.